बैलाच्या डोळ्यांची सुरय

मी एक लाकडी सुरय बोलतेय. सुरय म्हणजे पाण्यावरचं पाखरू: डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय आणि कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी. मी त्या पाखराची नक्कल आहे. माझे पंख उघडत नाहीत, मान वळत नाही, पोटात सावरीच्या लाकडाखेरीज काही नाही. मत्सर तेवढा अस्सल आहे. तो कुणी कोरून बसवला नव्हता, त्यामुळे कुणाला तासून काढताही आला नाही.

माझा जन्म देवळीचा. तिथल्या पुंडलिकराव सुतारांचं नाव आजूबाजूच्या गावांत मोठं आहे, पण ते टेबल-खुर्च्यांसाठी नाही. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडाचे बैल सजवून, दोरीनं ओढत दारोदार नेतात. ते बैल पुंडलिकराव करतात. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून दुसरं जनावर उतरलं नव्हतं. त्यांची सून गोपिका बैल रंगवते, आणि तिच्या हातचे डोळे पाहायला लोक वर्ध्याहून येतात.

गेल्या जानेवारीत त्यांच्या दारात एक मोटरसायकल थांबली. खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण, उन्हानं करपलेलं नाक. हा अश्वजित. वनरक्षक आहे, आणि इथून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या एका तलावावरची पाखरं राखणं हे त्याचं काम. तलावाचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही सहलीला याल, सोबत मुलं आणाल, आणि तो तुमच्याकडे बघत बसेल. आहे तेवढी गर्दी मला पुरे आहे.

अश्वजित नुकताच कोकणच्या किनाऱ्यावर प्रशिक्षणाला जाऊन आला होता. तिथे समुद्रातल्या एका आडवळणी बेटावर राखणदार लोक लाकडाचे पक्षी मांडून ठेवतात, असं त्याला दाखवलं होतं. वरून उडणाऱ्या पाखरांना वाटतं, आपल्यातलं कुणी बसलंय, म्हणजे जागा धोक्याची नसावी, आणि ती उतरतात. तसा एक पक्षी त्याला नमुन्यादाखल करून हवा होता. मोबाईलवर त्यानं सुरयीचा फोटो दाखवला. पुंडलिकरावांनी तो हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, मान बारीक करतो, शिंगं लावत नाही, झालं पाखरू.

आठ दिवसांनी मी तयार झाले. माझ्या खाली चार चाकं होती. पुढे ओढायला दोरी होती. आणि डोळे बैलाचे होते: बदामासारखे मोठे, पांढरेशुभ्र, मधोमध काळं बुबुळ आणि कडेनं कानापर्यंत ओढलेलं काजळ. खऱ्या सुरयीचा डोळा तिच्या काळ्या टोपीत बुडून जातो, शोधूनही सापडत नाही. माझे डोळे रस्त्याच्या पलीकडून दिसत होते.

अश्वजितनं मला दोन्ही हातांत घेतलं आणि तो इतका हसला की ओट्यावर बसला. गोपिकाला राग आला.

“डोळ्याबिना जीव येते काय कोन्यात?” ती म्हणाली.

त्यानं चाकं काढायला लावली, दोरी काढायला लावली. डोळ्यांवर काळा रंग मारायला गोपिकानं ब्रश उचलला तेव्हा मात्र तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “राहू द्या वहिनी. हिचे राहू द्या.” मग त्यानं आणखी पाच सुरयी सांगितल्या, बरोबर डोळ्यांच्या, म्हणजे जवळजवळ बिनडोळ्यांच्या.

त्या दिवशी त्यानं मला तसं पाहिलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं. एकदा कुणी कौतुकानं पाहिलं की दुसरीकडे पाहणारे डोळे सोसत नाहीत. निदान मला सोसले नाहीत.

तलावाच्या बांधावर टिनाच्या छपराची एक खोली आहे. हीच चौकी. एक खाट, एक शेगडी, बाबासाहेबांचा फोटो, आणि पाण्याकडे उघडणारी खिडकी. पहिला महिना मी त्या खिडकीत काढला आणि या माणसाचं वर्ष कसं जातं ते मला तिथे कळलं. पावसाळ्यात तो रोपवाटिकेत राबतो. दिवाळीनंतर बदकं येतात, थंडीत पट्टकादंब आणि चक्रवाक येतात, ते परत गेले की फेब्रुवारीपासून सुरयींची वाट पाहणं सुरू होतं, ते थेट जूनपर्यंत. म्हणजे माणूस बारापैकी आठ महिने आभाळाकडे बघत असतो. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूनं काय करावं?

सकाळी साडेपाचला उठला की त्याचा पहिला हात दुर्बिणीला. चहा नंतर. पट्टकादंबांचा थवा उतरला की हा दारात उभा राहून टोपी काढायचा. हिमालय ओलांडून आलेत, असं नावाड्याला, म्हाताऱ्या चिंधूला, सांगायचा. मीही देवळीहून मोटरसायकलच्या डिक्कीत धक्के खात आले होते, शेपटीचं एक टोक रस्त्यातच उडालं होतं. त्याचं कौतुक कुणी केलं नाही. पट्टकादंब निघून गेले त्या दिवशी तो जेवला नाही, आणि मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

पण त्याचं खरं दुखणं सुरयींचं होतं. ते मला चिंधूच्या बोलण्यातून कळलं. चिंधू म्हणजे तलावावरचा मासेमार. अश्वजितला डोंग्यातून तोच फिरवतो. धरण झालं तेव्हा इथलं एक गाव पाण्याखाली गेलं. त्या गावाचं आखर, म्हणजे सकाळी जिथे सगळ्या गावाची गुरं गोळा व्हायची ती मुरमाड जागा, उंचावर होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते आखर बेटासारखं वर येतं. सुरयी तिथे उघड्या खड्यांवर अंडी घालायच्या. चार वर्षांपूर्वी पाणी फारच उतरलं आणि बेट एका चिखलाच्या पट्टीनं काठाला जोडलं गेलं. त्या एका दिवसात कुत्री आत शिरली आणि वीसच्या वर घरटी खाल्ली.

नेमका त्याच दिवशी अश्वजित तलावावर नव्हता. बायकोच्या, जागृतीच्या, बहिणीचं देवळीत लग्न होतं. जागृतीनं हट्ट धरला होता, एक दिवसानं काय होतं.

तेव्हापासून सुरयी यायच्या, वर घिरट्या घालायच्या, आणि उतरायच्या नाहीत. तेव्हापासून अश्वजितनंही हंगामात घरी जाणं सोडलं. दर मार्चमध्ये तो आणि चिंधू त्या पट्टीतून चर खणून काढतात, कुत्र्यांना आता वाट नाही, पण ते पाखरांना कोण सांगणार? तीन उन्हाळे बेट रिकामं राहिलं. तीन वर्षं चौदा एप्रिल त्यानं चौकीतच साजरी केली. फोटोला हार घातला, वंदना म्हटली आणि पुन्हा दुर्बीण उचलली. देवळीच्या मिरवणुकीत जागृती एकटी चालली.

या वर्षी तिनं सोक्षमोक्ष लावला. फेब्रुवारीत एका रविवारी बसनं आली, डबा ठेवला, आणि शांतपणे सांगितलं की मले तुमच्या पाखराचं काही म्हननं नाही, पन मी पन मानूस आहो. शेवटी त्यानं शब्द दिला. चौदा एप्रिलपर्यंत बेटावर एकही सुरय अंड्यावर बसली नाही, तर वर्ध्याच्या कार्यालयात बदली मागायची, अर्जावर सही करायची, आणि त्याच दिवशी तिच्यासोबत मिरवणुकीला निघायचं. अर्ज तिनं लिहूनच आणला होता. तो पर्समध्ये परत ठेवताना तिची नजर माझ्यावर पडली.

“हे काय नवीन?” तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं आणि म्हणाली, “तुझ्याकडं तरी पाह्यते काय तो?”

मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

त्याच आठवड्यात आम्हा सहा जणींना बेटावर नेऊन मांडलं. मुरमात रोवलेल्या काठीवर प्रत्येकीला खोचलं, वाऱ्याकडे तोंड करून. मला मधोमध. हाकेच्या अंतरावर, समोरच्या काठाला, त्यानं पळसाच्या फांद्यांचं लपण केलं आणि त्यात बसून तो दिवसभर आमच्याकडे बघू लागला. आमच्याकडे म्हणजे आमच्या वर. आमच्या वरच्या रिकाम्या आभाळाकडे. त्याची नजर माझ्या टाळूवरून जायची, ते मला उन्हापेक्षा जास्त लागायचं.

माझी पंचाईत काय होती ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. सुरयी उतरल्या की तो त्यांचा झाला, मला कोण विचारतो. नाही उतरल्या तर तो चौदा एप्रिलला गेला, आणि मी त्या मुरमात वाळवी खाईपर्यंत उभी. दोन्हीकडून माझंच मरण. तरी रोज सकाळी मी एकच मागायचे, की येऊ नका. निदान जाईपर्यंत तो माझ्याकडे तोंड करून बसलेला असेल.

मार्चच्या शेवटी त्या आल्या. आठ-दहा जणी. दोन दिवस वर कल्ला केला, खाली झेपावल्या, पुन्हा वर गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एक नर उतरला. थेट माझ्यापुढे. चोचीत बोटभर चांदीसारखी मासोळी होती. त्यानं मान वर केली, पंख अर्धे उघडले, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि ती मासोळी माझ्या पुढ्यात धरली.

सुरयींत लग्न असं ठरतं. नर मासोळी आणतो, मादीनं घेतली की जुळलं. मला घेता आली नाही. तो धरून उभा राहिला, शेवटी खाली ठेवली आणि दुसरी आणायला गेला. बाकीच्या पाच, ज्यांचं सगळं बरोबर होतं, त्यांच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. गोपिकाच्या काजळाला भुलला तो.

आणि लपणातली दुर्बीण वरून खाली आली. ती माझ्यावर येऊन थांबली.

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. खोटं कशाला बोलू, मी सुखानं फुगले होते. एक पाखरू दिवसभर माझ्यापुढे नाचत होतं आणि एक माणूस दिवसभर माझ्याकडे बघत होता. अश्वजित चिंधूला सांगायचा, पाहा, आपल्या डोळेवालीनं काम केलं. आपल्या, म्हणाला तो. माझ्या पायाशी मासोळ्यांचा थर जमला, उन्हात वाळला, त्याला मुंग्या लागल्या. त्या वाळलेल्या मासोळ्यांचंही मला भूषण वाटायचं.

नराबरोबर एक मादी उतरली होती. ती दहा पावलांवर, एका दगडाशी उभी असायची. तो मासोळी घेऊन आला की ती मान खाली घालून, पंख हलवत, पिल्लासारखी मागायची. तो तिला ओलांडून माझ्याकडे यायचा. ती भवानी किती वेळा मागायची ते मी मोजत बसायचे. बाकीच्या सुरयी या एका जोडप्याकडे लक्ष ठेवून लांबच्या खडकावर बसल्या होत्या. ही दोघं बसली तर त्या बसणार होत्या.

पाच एप्रिलला रविवार होता. जागृती डबा घेऊन लपणात आली. पाण्यावरून बोलणं सरळ बेटावर येतं, त्यामुळे मला सगळं ऐकू गेलं. अश्वजित लहान मुलासारखा तिला दाखवत होता, तो पाहा आला, ती पाहा मासोळी ठेवली. जागृतीनं दुर्बीण घेतली आणि नरावरून ती दगडाकडे वळवली.

“ते दुसरी कवापासून उभी आहे?” तिनं विचारलं. “त्या दगडापाशी?”

“आठ दिवस झाले.”

“मंग ते अंड्यावर बसन कशी? तो दिवसभर लाकडापाशी उभा, अन् जितीजागती बाजूले वाट पाहून राह्यली. असं घर होते काय कोनाचं?”

डब्याची झाकणं लागल्याचे आवाज तेवढे आले. जाताना ती म्हणाली, “ते लाकूड उचला तिथून,” आणि बांधावरून एकटी बसकडे चालत गेली.

तो दिवस त्यानं काढला कसाबसा. बेटावर माणूस गेला तर पाखरं उठतील, कदाचित कायमची. न जावं तर दिवस संपत चाललेले. दुसऱ्या दिवशी उजाडताना, नर मासे धरायला गेला त्या वेळी, चिंधूनं डोंगा पलीकडून लावला आणि अश्वजित पोटावर सरपटत आला. माझ्याजवळ पोचला तेव्हा कोपरं सोलली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तोंडावर गोणपाट टाकलं, मला काठीसकट उपसलं, आणि तसाच सरपटत मागे गेला.

चौकीच्या खिडकीत मला पुन्हा ठेवलं. तिथून बेट दिसतं, पांढरे ठिपके दिसतात. संध्याकाळी अश्वजित चिंधूला सांगत होता की नर मासोळी घेऊन रिकाम्या खड्ड्याशी दिवसभर उभा होता. दुसऱ्या दिवशीही उभा होता. तिसऱ्या दिवशीही. माझ्यासाठी कुणीतरी उपाशी उभं होतं, आणि हे ऐकून मला जे वाटलं त्यात दुःखापेक्षा गर्व जास्त होता, हे मी कबूल करते. चौथ्या दिवसाचं मात्र त्यानं काही सांगितलं नाही. नुसती मान हलवली आणि हसला. मी समजले. भवानीनं मासोळी घेतली.

मासोळी घेतली म्हणजे अंडी झाली असं नसतं. जोडी फिरत होती, खड्यांत छाती घासून खळगे करत होती, सोडत होती. अकरा गेली, बारा गेली, तेरा गेली. तेराला संध्याकाळी अश्वजितनं ट्रंक भरली.

चौदाला सकाळी जागृती पहिल्या बसनं आली. पांढरी साडी, केसांत मोगरा, हातात पर्स. अश्वजित आत पांढरा शर्ट घालत होता. ती खिडकीशी आली, माझ्या अगदी बाजूला, आणि चाळा म्हणून खुंटीवरची दुर्बीण डोळ्यांना लावली.

तिच्या हातातली दुर्बीण एका जागी थांबली. बेटावर काय दिसलं ते मला तिच्या तोंडावरून कळलं. एक पांढरा ठिपका खड्यांत अंग पसरून, वाऱ्याकडे तोंड करून बसला होता आणि उठत नव्हता.

दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं. चिंधू डोंगा बांधायला गेला होता. अश्वजितला बटणं सापडत नव्हती. जागृतीनं फक्त दुर्बीण खुंटीला परत लावायची होती. अर्ज पर्समध्ये होता, बस अर्ध्या तासात होती, वर्ध्यात दोन खोल्यांचं घर तिनं बघून ठेवलं होतं. मी सारा जीव गोळा करून मनात म्हणत होते, गप्प राहा बाई. चार वर्षं तुझी गेली, माझा हंगाम गेला. त्याला त्या भवानीच्या हाती कशाला देतेस? गप्प राहा.

तिनं दुर्बीण खाली घेतली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग ती म्हणाली, “ऐका. बसली ते.”

तो एका बाहीत हात घालून धावत आला. त्यानं पाहिलं. दुर्बिणीखालून त्याच्या गालांवर पाणी ओघळलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

“तू पाह्यली?”

“हाव. मीच पाह्यली पह्यले,” जागृती म्हणाली.

त्यानं मिरवणुकीचं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिनं बोलू दिलं नाही. “मी चालतो तुमच्या वाटचं पन,” म्हणाली. अर्ज तिनं फाडला-बिडला नाही, पर्सची चेन तेवढी लावली. निघताना मला उचलून काखेत मारलं. “हिले मी नेतो घरी. इथं कोन पाह्यते हिच्याकडं?”

त्यानं मान डोलावली, दुर्बिणीतून डोळा न काढता.

तेव्हापासून मी देवळीला, जागृतीच्या शिलाई मशीनजवळच्या खिडकीत आहे. ती ब्लाऊज शिवते. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतात. मंदाबाई नावाच्या एका बाईनं तर हा कोणता देव म्हणून हातही जोडले. दुपारी मशीन चालवताना जागृती माझ्याशी बोलते. त्या लग्नाच्या दिवशीचं बोलते, वीस घरट्यांचं बोलते, ते त्याच्यापाशी तिनं कधी काढलेलं नाही. त्या सुरयींना ती शिव्याही घालते. आम्हा दोघींचं त्यामुळे चांगलं जमलं. दोघींनाही पोटात तिथेच दुखतं.

संध्याकाळी त्याचा फोन येतो. ती तो स्पीकर लावून मशीनवर ठेवते, म्हणजे मलाही ऐकू येतं. पारा पंचेचाळीसच्या वर गेला, मादी पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. मग मेच्या पहिल्या आठवड्यात दोन पिल्लं निघाली. मादी त्यांच्यावर सावली धरून दिवसभर उभी, तिला हलता येत नाही. चौघांच्या पोटाचं नर एकटा आणतो. एका वेळी एक मासोळी, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. जागृती हे ऐकताना हातातलं काम थांबवते. मीही ऐकते. माझी जळजळ तेवढी थांबत नाही.

आणि काल फोन आला.

“जागृती, उद्या येजो. दोन दिवस राह्य माझ्यापाशी,” अश्वजित म्हणाला. हंगामात त्यानं तिला ये म्हणण्याची ही पहिली वेळ. तिनं उत्तर द्यायच्या आत तो पुढे म्हणाला, “अन् आपली डोळेवाली आनजो. अजून तीन जोड्या वर फिरून राह्यल्या, उतरून नाई राह्यल्या. त्या पाचीकडं पाहतच नाईत. हिच्याबिना होत नाई.”

“अन् तो नर?” जागृतीनं विचारलं.

“तो आता बाप झाला. नाई पाहत तिच्याकडं.”

ती हसली, बरं म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर साडीला इस्त्री करायला बसली. करता करता गुणगुणत होती. चार वर्षांत मी, नाही, मी तर चारच महिन्यांची, पण या घरानं तिला असं पाहिलं नसावं.

हिच्याबिना होत नाही. हे शब्द त्याच्या तोंडून ऐकावे म्हणून मी काय काय मागितलं होतं. पाखरं येऊ नयेत म्हणून मागितलं, बाईनं गप्प राहावं म्हणून मागितलं. आता ते आपणहून आले. मला सगळ्यात आधी काय आठवलं सांगू? पुढ्यात धरलेली ती मासोळी आणि माझ्यावर थांबलेली दुर्बीण. पिल्लं नंतर आठवली.

अश्वजित पाखरांबद्दल इतकं जाणतो, पण हे चुकतोय. बाप झाला म्हणून काय झालं? पहिल्या दिवशी माझ्यापुढे कसा वाकला होता ते त्यानं लांबून पाहिलं, मी समोरून पाहिलं. रिकाम्या खड्ड्याशी तीन दिवस उभा राहणारा जीव आहे तो. मी दिसले की येईल. सकाळची पहिली मासोळी माझ्या पायाशी ठेवेल, मी घेत नाही म्हणून दुसरी आणेल, आणि दहा पावलांवर दोन चोची उघड्या राहतील. त्या उन्हात पिल्लांना संपायला किती तास लागतात?

खरी सुरय असते तर मान फिरवून बसले असते. पाठ केली असती, उडून गेले असते. मला मान फिरवता येत नाही. माझे डोळे मिटतही नाहीत. आणि तो आला तर मला आवडेल, हे सर्वांत वाईट आहे. मी त्याला मनातूनसुद्धा जा म्हणणार नाही.

म्हणून तुमच्याशी बोलतेय. देवळीच्या बसस्टँडवर, या बाकावर, आमच्या शेजारी तुम्ही मघापासून बसला आहात आणि पिशवीतून बाहेर आलेल्या माझ्या तोंडाकडे बघताय. पांढरी साडी नेसलेली ही बाई जागृती. तिला काही सांगू नका. ती आज चार वर्षांनी आनंदात चालली आहे, तिला जाऊ द्या. मी हरवले तर तो दोन दिवस हळहळेल, मग ती समोर आहेच, तिच्याकडे पाहील.

बस लागलीय. ती तिकडे पाटी वाचायला उठली, पिशवी बाकावर ठेवून. आता मला काढा आणि तुमच्या पदराखाली नाहीतर शर्टाखाली धरा. घरी नेऊन कुठेही ठेवा, भिंतीकडे तोंड करून ठेवलंत तरी चालेल. लवकर करा, ती वळायच्या आत. नाहीतर मी जाईन, आणि मला जायचं आहे.